आधी काय झालं? उलटी की कळ?

सत्तावीस वर्षांपूर्वीची रात्र. मी मेडिसिन विभागात निवासी डॉक्टर होतो. लग्नसराईचे दिवस होते. चाळिशीतला एक माणूस छाती दाबून धरत अपघात विभागात आला. सोबत दोन मेहुणे. वरात, जेवण, थोडी 'घेतलेली' आणि मग छातीत कळ, अशी हकिगत. घाम सुटला होता, श्वास जोरात चालला होता. मी ईसीजी काढला. त्यात हृदयविकाराचे काही ठळक दिसले नाही. 'दारू किती घेतली?' एवढे मी विचारले, उत्तर ऐकले आणि मला सगळे समजले असे मला वाटले. ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन मी त्याला वॉर्डात पाठवले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो.

सकाळी राउंडला आमच्या सरांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. त्वचेखाली बोटांना करकर जाणवत होती. तिथे हवा शिरली होती. सरांनी मेहुण्याला एकच प्रश्न विचारला, "आधी काय झालं? उलटी की कळ?" तो खाली मान घालून म्हणाला, "उलटी, साहेब. जोराची उलटी झाली आणि मग एकदम ओरडलाच." एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाभोवती हवा आणि पाणी दिसले. छातीत नळी घातली तेव्हा गढूळ द्रव आला आणि त्याच्याबरोबर भाताची शिते आली. उलटीच्या जोराने त्याची अन्ननलिका फाटली होती. शस्त्रक्रिया झाली, पण तोवर बारा-तेरा तास निघून गेले होते. आठव्या दिवशी तो गेला.

ही गोष्ट मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो. आज वाचकांना सांगतो आहे, कारण अन्ननलिकेच्या दुखापतीत पहिले काही तास डॉक्टरांइतकेच घरच्यांच्याही हातात असतात.

अन्ननलिका म्हणजे घसा आणि जठर यांना जोडणारी, मोठ्या माणसात साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. मानेतून ती छातीत उतरते. पुढे श्वासनलिका, मागे पाठीचा कणा. आणखी खाली गेल्यावर ती महाधमनीला खेटते, हृदयाला मागून टेकून जाते आणि श्वासपटल ओलांडून जठराला मिळते. इतके नाजूक शेजारी शरीरातल्या फार थोड्या अवयवांना असतील. शिवाय जठराला आणि आतड्याला बाहेरून जे घट्ट आवरण असते, ते अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला नसते. त्यामुळे तिला भोक पडले की आतला माल थेट शेजाऱ्यांच्या अंगावर जातो.

तो जातो कसा, हेही समजून घ्यायला हवे. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. म्हणून तर हवा आत येते. अन्ननलिकेला छातीत भोक असेल, तर त्याच दाबामुळे प्रत्येक श्वासाबरोबर लाळ, अन्न, जठरातले आम्ल आणि तोंडातले जंतू छातीत ओढले जातात. रुग्णाने पाण्याचा थेंब घेतला नाही तरी दिवसाकाठी लिटरभर लाळ तयार होतच असते. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत आधी आम्लाने दाह होतो, मग जंतुसंसर्ग पसरतो. याला आम्ही मीडियास्टिनायटिस म्हणतो. फुप्फुसाचे पातळ आवरण फाटले की त्याच्याभोवती हवा आणि द्रव साठतो, फुप्फुस दबते, पुढे द्रवाचा पू होतो. कधी हृदयाच्या आवरणापर्यंत दाह पोहोचतो. जंतूंचे विष रक्तात भिनले की रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे थकतात. हा सारा प्रवास एक-दोन दिवसांत होऊ शकतो. पहिल्या २४ तासांत निदान होऊन उपचार सुरू झालेले आणि त्यानंतर आलेले रुग्ण यांची तुलना केली, तर उशिरा आलेल्यांत मृत्यूचे प्रमाण साधारण दुप्पट असते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

उलटीने अन्ननलिका फाटण्याचे पहिले सविस्तर वर्णन १७२४ सालचे आहे. हॉलंडमधल्या लायडनचे प्रख्यात वैद्य हर्मन बोअरहाव्ह यांनी ते लिहिले. त्यांचा रुग्ण होता डच नौदलाचा एक बडा अधिकारी, यान फान वासेनार. जड जेवण झाले की उलटीचे औषध घेऊन पोट हलके करायची त्याला सवय होती. अशाच एका प्रयत्नात त्याला भयंकर कळ आली आणि दिवसभराच्या आत तो गेला. शवविच्छेदनात छातीच्या पोकळीत हवा होती, द्रव होता, त्याने घेतलेले ऑलिव्हचे तेल होते आणि खाल्लेल्या बदकाच्या मांसाचा वास येत होता. बोअरहाव्ह यांना कारण कळले, पण इलाज नव्हता. तो सापडायला दोनशेहून अधिक वर्षे गेली. १९४७ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी अशी फाटलेली अन्ननलिका यशस्वीपणे शिवली.

आज आपल्याकडे सिटी स्कॅन आहे, चांगली प्रतिजैविके आहेत, अतिदक्षता विभाग आहेत. काही निवडक रुग्णांत दुर्बिणीतून क्लिप किंवा स्टेंट लावून छाती न उघडताही भोक बंद करता येते. मग रुग्ण का दगावतात? माझे मत असे की बऱ्याचदा इलाज हाताशी असतो. फक्त दुखण्याच्या आधी काय घडले हे कुणी विचारत नाही आणि रुग्णही आपण होऊन सांगत नाही.

हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा आधी दुखते आणि मग मळमळ, उलटी होते. अन्ननलिका फाटते तेव्हा क्रम उलटा असतो: आधी जोराची उलटी, लगेच छातीत, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ. मानेवर सूज आणि बोटांना करकर ही खूण मिळाली तर शंका जवळजवळ उरतच नाही, पण ती प्रत्येकात आणि लवकर मिळेलच असे नाही. हृदयविकार कितीतरी पटींनी जास्त आढळतो, हेही तितकेच खरे. म्हणून छातीत दुखले की ईसीजी आधी काढायचा, यात बदल नको. पण ईसीजी ठीक आला म्हणून 'गॅस' म्हणून मोकळे होऊ नये; आणि उलटीनंतर कळ आलेल्या माणसाला रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी एक क्षण थांबावे. फाटलेल्या अन्ननलिकेत ते औषध घातक ठरू शकते.

न सांगण्याचे मूळ कधी लाजेत असते, कधी भीतीत, कधी भिडेत. दारू पिऊन उलटी झाली हे सासुरवाडीच्या माणसांसमोर कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका वस्तीतून एक मावशी आल्या होत्या. ताप, छातीत ठणका, थुंकीही गिळता येत नव्हती. तारलीचा काटा अडकला होता. "मावशी, कधी अडकला?" "सोमवारी." त्या दिवशी शुक्रवार होता. मधल्या चार दिवसांत त्यांनी सुक्या भाताचे गोळे गिळले, केळी खाल्ली, पाठीवर थापा मारून घेतल्या. "लेक बोटीवर होता, त्याला कशाला घोर लावायचा, म्हणून गप्प राहिले," असे त्या म्हणाल्या. सिटी स्कॅनमध्ये काटा अन्ननलिकेच्या भिंतीतून आरपार गेलेला दिसला. त्याच्याभोवती मानेपासून छातीपर्यंत पू उतरला होता. त्या वाचल्या, पण पाच आठवडे रुग्णालयात राहून, पोटातल्या नळीवाटे पेज घेत.

भाताचा गोळा आणि केळे हा घरोघरचा उपाय आहे आणि काही वेळा काटा निघतोही. म्हणून तर तो टिकून आहे. पण अडकलेला टोकदार काटा वरून दाबला की तो सुटण्याऐवजी भिंतीत खोल रुतू शकतो. काही खुपल्याची जाणीव नुसत्या ओरखड्यानेही राहते, हे खरे. पण ओरखडा की काटा हे घरी ठरवता येत नाही. दुखणे काही तासांत थांबले नाही, गिळताना कळ येऊ लागली, थुंकी गिळता येईना, ताप आला किंवा दुखणे घशातून छातीत उतरले, तर खाणेपिणे बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साध्या एक्स-रेत माशाचा काटा पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. काटा किंवा हाड गिळल्यानंतर काही दिवसांनी उलटीतून थोडेसे ताजे लाल रक्त पडले आणि आपोआप थांबले, तर तो शेवटचा इशारा असू शकतो. काटा महाधमनीपर्यंत पोहोचला असेल, तर पुढचा रक्तस्राव थांबवायला वेळ मिळत नाही.

लहान मुलांत धोका वेगळा आहे: चपट्या बटन बॅटऱ्या. रिमोटमध्ये, वजनकाट्यात, खेळण्यांत, चमकणाऱ्या दिव्यांत त्या असतात. २० मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. ओलसर ऊतीला टेकली की तिच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत भिंत भाजू लागते. बॅटरी काढल्यानंतरही ही जखम पुढे खोल जात राहू शकते. कधी श्वासनलिकेला भोक पडते आणि दूध फुप्फुसात जाते, कधी महाधमनीला इजा होते. मूल मात्र सुरुवातीला फक्त लाळ गाळते, खात नाही, खोकते. 'सर्दी झाली असेल' म्हणून सिरप मिळते. 'नाणं गिळलं, शौचातून निघून जाईल' असेही सांगितले जाते. एक्स-रेत बॅटरी नाण्यासारखीच गोल दिसते. नीट पाहिले तर तिच्या कडेला दुहेरी वलय असते. ते पाहायची सवय आम्हा डॉक्टरांना हवी. अमेरिकेत रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीचा अशा बॅटरीने मृत्यू झाल्यावर, तिच्या आईच्या पाठपुराव्यामुळे २०२२ मध्ये बॅटरीचे झाकण मुलांना उघडता येणार नाही असे बनवण्याचा कायदा झाला. आपल्या बाजारात आजही नखाने उघडणाऱ्या झाकणांची खेळणी सर्रास मिळतात. स्क्रूचे झाकण सक्तीचे करायला फार मोठा खर्च येणार नाही.

बॅटरी गिळल्याचे दिसले किंवा नुसती शंका आली, तरी तडक एंडोस्कोपी होणाऱ्या रुग्णालयात जावे. उलटी काढायचा प्रयत्न करू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. त्याने भाजणे काहीसे मंदावते. पण मध शोधण्यात वेळ घालवू नये आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये.

तिसरी गोष्ट संडास साफ करायच्या ॲसिडची. ते आपल्या घरांत पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले असते. मुले तहान लागली म्हणून पितात. मोठ्यांपैकी काही जण आयुष्याला कंटाळलेल्या क्षणी पितात. घरचे घाबरून मिठाचे पाणी पाजतात, घशात बोटे घालून उलटी काढतात. ज्या नळीला आम्लाने एकदा जाळले, तिच्यातून ते पुन्हा वर आणले जाते. जोराने उलटी झाली तर भाजलेली भिंत फाटते, आणि थोडे श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसेही भाजतात. म्हणून उलटी काढू नये. उतारा म्हणून दूध, लिंबू, सोडा काही देऊ नये. बाटली सोबत घेऊन यावी. यातून वाचलेल्या अनेकांची अन्ननलिका पुढे आक्रसते आणि ती रुंद करून घ्यायला त्यांना वर्षानुवर्षे यावे लागते. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले. तरीही बिनलेबलच्या बाटल्या गल्लोगल्ली मिळतात, हे ग्राहक म्हणून आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

अशा घरांतून रुग्ण उशिरा येतो, त्याचे एक कारण 'पोलीस केस'ची भीती. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि एरवी तिला शिक्षा करता येत नाही. रुग्णालयात नोंद होईल, पोलीस जबाब घेतील. पण त्या भीतीने 'चुकून प्याली' असे सांगत तीन रुग्णालये फिरू नका. मन फार खचले असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

आता आमच्या घरातली गोष्ट. आज मोठ्या रुग्णालयांत अन्ननलिकेला पडणाऱ्या छिद्रांचे सर्वात मोठे कारण आमचीच उपकरणे आहेत. नुसती पाहण्यासाठी केलेली एंडोस्कोपी अतिशय सुरक्षित असते, तिच्यात हा धोका हजारात एकापेक्षाही कमी. आक्रसलेली नलिका रुंद करताना मात्र तो वाढतो. त्यामुळे तपासणीला घाबरू नये. पण तपासणीनंतर छातीत किंवा मानेत वाढत जाणारे दुखणे, ताप, दम लागणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी परत यावे. आणि रुग्ण परत आला की 'थोडं दुखणारच' असे म्हणून त्याला वाटेला लावण्याचा मोह आम्ही टाळला पाहिजे. आपल्या हातून झालेले छिद्र तासाभरात मान्य करणारा डॉक्टर रुग्णाला बहुधा वाचवतो. दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःचीच समजूत घालत बसणारा त्याला अडचणीत टाकतो. हे बोलणे सोपे नाही. आजच्या तंग वातावरणात तर नाहीच. नातेवाइकांनी खरे सांगणाऱ्या डॉक्टरची कॉलर धरली, तर पुढच्या वेळी तो खरे सांगायला कचरेल, हेही समाजाने ध्यानात घ्यावे.

व्यवस्थेकडून माझी अपेक्षा मोठ्या यंत्रांची नाही. आडगावचा रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात, मग जिल्ह्याला, मग वैद्यकीय महाविद्यालयात असा टप्प्याटप्प्याने सरकतो आणि प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर निघतो. टोकदार वस्तू किंवा बॅटरी अन्ननलिकेत अडकली असेल, तर ती शक्यतो दोन तासांत आणि फार तर सहा तासांत काढावी, असे युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन सांगते. आपल्याकडे तेवढा वेळ कधी कधी नुसत्या चिठ्ठ्या लिहिण्यात जातो. तालुक्याच्या ठिकाणी रात्री एक्स-रे काढणारा माणूस हजर असावा. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तास उचलला जाणारा एक फोन असावा आणि तो उचलणाऱ्या डॉक्टरला 'मधले टप्पे सोडा, थेट इकडे पाठवा' असे सांगायचा अधिकार असावा. १०८ ची रुग्णवाहिका आहेच. ती योग्य दारात पोहोचावी.

तोवर प्रत्येकाने एक सवय लावून घेता येईल. दवाखान्यात गेल्यावर कुठे दुखते हे सांगण्याबरोबर दुखण्याच्या आधी काय घडले तेही सांगा: उलटी, अडकलेला घास, गिळलेला काटा, झालेली तपासणी, प्यायलेली दारू. डॉक्टरने विचारले नाही तरी सांगा. आम्ही तुमच्या चारित्र्याची नोंद घेत नसतो. निदान घेऊ नये.

माझ्या युनिटमध्ये छातीत दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर 'दुखण्याआधी काय?' अशी एक ओळ असते आणि ती रिकामी सोडायची नाही असा नियम आहे. काही महिन्यांपूर्वी रात्री दोनला एका इंटर्नचा फोन आला. "सर, पेशंट म्हणतोय ॲसिडिटी आहे. पण आधी उलटी झाली आणि मग कळ आली." मी म्हटले, "सिटीला न्या. सर्जनना मी उठवतो." पहाटेपर्यंत तो माणूस टेबलावर होता. परवा तो तपासणीसाठी आला, बायकोसोबत, चालत. मी त्या इंटर्नला बोलावून घेतले आणि त्याची ओळख करून दिली.